घोड खोऱ्यातील थंडी आणि परसातील मिरची

मंचरहून घोडेगावमार्गे भीमाशंकरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आंबेगाव तालुक्यात शिनोली हे गाव आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा, जवळच घोड नदीवरील डिंभे धरण आणि त्याचा ‘हुतात्मा बाबू गेनू सागर’ हा जलाशय, आणि पूर्वेस मंचर-नारायणगावचा बागायती पट्टा, असा हा संधिप्रदेश आहे. पश्चिमेकडे भात आणि पावसाची झड, तर पूर्वेकडे कांदा, बटाटा आणि टोमॅटो ही येथील शेतीची दोन रूपे होत. या दोन्ही भागांतील प्रत्येक घराला रोज लागणारी एक वस्तू मात्र समान आहे, ती म्हणजे मिरची. भाकरीबरोबरचा ठेचा असो, भाजीची फोडणी असो की या परिसराची ओळख असलेला मासवडीचा रस्सा असो, मिरचीवाचून येथील स्वयंपाक होत नाही.

परसात मिरचीची चार-दोन रोपे लावण्याची रीतही जुनी आहे. तथापि मार्गशीर्ष-पौषात थंडी पडू लागली की या रोपांची वाढ खुंटते, फुले गळतात, लागलेली फळे आखूड व वाकडी राहतात. ‘झाड थकले’ किंवा ‘रोग पडला’ असे समजून पुष्कळ घरांत ते उपटून टाकले जाते आणि पुढचे सहा-आठ महिने मिरची बाजारातून विकत आणली जाते. वस्तुतः बहुतेक वेळा ते झाड थकलेलेही नसते आणि रोगीही नसते. ते थंडीत थांबलेले असते. थांबलेल्या झाडाला जगवणे आणि नव्या रोपांची वेळ थंडीच्या हिशेबाने ठरवणे, या दोन गोष्टी साधल्या तर शिनोलीसारख्या गावात घरची मिरची वर्षातील बहुतेक महिने पुरू शकते. त्यासाठी खर्चापेक्षा जाणतेपणाची गरज अधिक आहे.

मिरचीचा मूळ स्वभाव

मिरची आपल्याकडे इतकी रुळली आहे की ती परदेशातून आली हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तिचे मूळ स्थान अमेरिका खंडात असून मेक्सिकोच्या परिसरात हजारो वर्षांपूर्वी तिची लागवड सुरू झाली. सोळाव्या शतकात पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आली आणि तेथून देशभर पसरली. त्यापूर्वी आपल्या स्वयंपाकातील तिखटपणा प्रामुख्याने मिऱ्याचा होता.

मिरचीच्या पाच जाती मानवाने लागवडीखाली आणल्या. आपल्याकडील बहुतेक मिरची त्यांपैकी एकाच जातीत मोडते. ही जात उष्ण प्रदेशातील आहे. तिला ऊब आवडते, पण भाजून काढणारे ऊन सोसत नाही. ओल हवी असते, पण मुळाशी पाणी साचलेले खपत नाही. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या उंच भागात मात्र केसाळ पानांची, जांभळ्या फुलांची आणि काळ्या बियांची एक निराळी जात पिकते व ती थंड हवा अधिक सोसते. आपल्या परसातील मिरचीत तो गुण नाही, म्हणूनच तिला थंडीत मदत करावी लागते.

दुसरी लक्षात ठेवण्याजोगी बाब ही की, मिरची हे स्वभावतः बहुवर्षायू झाड आहे. युरोपसारख्या थंड प्रदेशात हिमाने ते दरवर्षी मरते, म्हणून तेथे ते एका हंगामाचे पीक ठरले. आपल्याकडे शेतात उत्पन्न घटू लागले की पीक काढून टाकणे व्यवहाराला धरून असते. परसात मात्र तशी घाई करण्याचे कारण नाही. घोड खोऱ्यातील थंडी सहसा मिरचीला मारणारी नसते, थांबवणारी असते. हा फरक ओळखणे हेच परसातील मिरचीच्या यशाचे मर्म होय.

थंडीत झाडात काय घडते

मिरचीची वाढ साधारणतः २० ते ३० अंश सेल्सिअस तापमानात उत्तम होते. रात्रीचे तापमान १५ अंशांच्या खाली उतरू लागले की वाढ मंदावते. १० अंशांच्या आसपास ती जवळजवळ थांबते. मुळे अन्नद्रव्ये नीट उचलू शकत नाहीत आणि पाने फिकट दिसू लागतात. दव गोठण्याइतकी थंडी पडली तर कोवळे शेंडे काळे पडून झाड दगावते.

समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून अधिक उंचीवरील या खोऱ्यात डिसेंबर-जानेवारीचे दिवस उबदार असतात. दुपारचा पारा २७-२८ अंशांपर्यंत जातो. रात्री मात्र तो १० अंशांच्या आसपास येतो आणि थंडीची लाट आली की त्याहूनही खाली जातो. म्हणजे अडचण दिवसाची नसून रात्रीची आहे.

या थंड रात्रींचा पहिला फटका फुलांना बसतो. मिरचीच्या फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात, त्यामुळे एकाच फुलात परागीभवन होऊ शकते. परंतु रात्री फार गार राहिल्या तर परागकण नीट पोसले जात नाहीत. फूल दिसायला चांगले असते, पण फलधारणा होत नाही आणि ते देठासकट गळते. काही फुलांपासून फळ धरते, मात्र आत बी नसते किंवा अगदी थोडे असते. बी नसलेली अशी मिरची आखूड, वाकडी किंवा बसकी राहते. फूलगळ दिसताच दुकानातून फवारणीची बाटली आणण्याकडे कल असतो. परंतु कारण थंडी असेल तर तो पैसा वाया जाण्याचाच संभव अधिक. अशा वेळी आधी तापमापी पाहावा, मग झाडाची पाने उलटून पाहावीत आणि त्यानंतरच उपाय ठरवावा.

फार उष्णतेनेही फूलगळ होते, हे येथेच नमूद केले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत दुपारचा पारा ३५ अंशांच्या वर गेला की तीच तक्रार पुन्हा उद्भवते. थोडक्यात, वर्षात दोन वेळा झाड फळ धरण्यास नाखूश असते. लागवडीचे वेळापत्रक या दोन्ही काळांना टाळून आखावयाचे असते.

थंडी कोठे साचते

एकाच गावात दोन घरांच्या परसांतील थंडी सारखी नसते. रात्री थंड झालेली हवा जड होते आणि पाण्याप्रमाणे उताराने खाली वाहत जाऊन सखल जागी साचते. महाबळेश्वरला कडाक्याच्या थंडीत वेण्णा तलावाच्या काठच्या सखल भागात दव गोठल्याचे दिसते, त्याचे कारण हेच. नदीकाठची, ओढ्यालगतची आणि बांधाखालच्या खोलगटातील जागा म्हणूनच मिरचीला हिवाळ्यात अडचणीची ठरते. थोडी उंचवट्यावरची, घराच्या भिंतीलगतची जागा त्यापेक्षा बरी.

भिंत कोणत्या बाजूची हेही महत्त्वाचे आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे घराच्या दक्षिण बाजूच्या अंगणात दिवसभर ऊन मिळते आणि उत्तर बाजू सावलीत राहते. दगडी किंवा मातीची जाड भिंत दिवसा तापते आणि रात्री ती ऊब हळूहळू बाहेर सोडते. अशा भिंतीपासून हात-दीड हात अंतरावर लावलेल्या झाडाला उघड्यावरील झाडापेक्षा ऊब अधिक मिळते. परसात मोठे झाड असल्यास त्याची सावली हिवाळ्यात कोठे पडते, हे लागवडीपूर्वी पाहून ठेवावे.

वर्षाचे वेळापत्रक

वर सांगितलेल्या कारणांमुळे एकदम सर्व रोपे लावण्यापेक्षा दोन टप्प्यांत लागवड करणे हिताचे ठरते.

पहिला टप्पा पावसाळी होय. मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात बी टाकावे. डोंगरालगतच्या गावांत पावसाचा मारा जोराचा असल्याने रोपे उघड्या वाफ्यात न करता ओसरीखाली किंवा पडवीच्या कडेला पसरट डब्यात करावीत. जुलैच्या पूर्वार्धात पाच-सहा आठवड्यांची रोपे कायम जागी लावावीत. ऑगस्टअखेर ती फुलावर येतात आणि सप्टेंबरच्या मध्यापासून हिरवी मिरची तोडणीस मिळते. थंडी बळावण्यापूर्वी पुरेशी फळे धरलेली असली पाहिजेत, हा या टप्प्याचा उद्देश. ऑगस्टमध्ये बी टाकले तर झाड ऐन थंडीत फुलावर येते आणि सगळा खटाटोप फुकट जातो.

दुसरा टप्पा उन्हाळी. मकरसंक्रांतीच्या सुमारास बी टाकावे. त्या वेळी थंडी असल्यामुळे बियांना ऊब देऊन अंकुर आणावा लागतो. त्याची रीत पुढे दिली आहे. गारव्यामुळे रोपे तयार होण्यास सहा-सात आठवडे लागतात. महाशिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते, असे आपल्याकडे म्हणतात. त्यानंतर रोपे कायम जागी लावावीत. मे महिन्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीच्या महिन्यांपर्यंत त्यांपासून मिरची मिळते.

या दोन टप्प्यांना जोड मिळते ती पहिल्या टप्प्यातील जगवलेल्या झाडांची. ती फेब्रुवारीत नव्याने फुटतात आणि एप्रिलच्या सुमारास फळ देऊ लागतात. यामुळे खरी टंचाई जानेवारी ते मार्च एवढीच राहते. तिची तरतूद नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये करता येते. तोडणीच्या शेवटच्या काळात काही फळे झाडावरच लाल होऊ द्यावीत, चांगली वाळवावीत आणि कोरड्या डब्यात भरून ठेवावीत.

बियाणे आणि रोपे

पुणे जिल्हा राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. या विद्यापीठाचा ‘फुले ज्योती’ आणि नवी दिल्ली येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा ज्वाला’ हे सुधारित वाण महाराष्ट्रात परिचित आहेत. ‘पुसा ज्वाला’ची फळे लांब, बारीक आणि हिरवी असताना खाण्यास चांगली असतात. परसासाठी संकरित बियाण्यापेक्षा असे सुधारित किंवा स्थानिक वाण श्रेयस्कर, कारण त्यांचे बी घरी धरता येते. संकरित वाणाच्या बियांपासून पुढच्या वर्षी तशीच झाडे येतील याची शाश्वती नसते. बियाण्याच्या चौकशीसाठी नारायणगाव येथील कृषी विज्ञान केंद्र या भागाला जवळचे आहे.

घरी बी धरावयाचे असल्यास निरोगी व भरपूर फळे देणाऱ्या झाडाची, दुसऱ्या-तिसऱ्या तोड्यातील पूर्ण लाल झालेली फळे निवडावीत. थंडीत धरलेली वाकडी फळे बियांसाठी घेऊ नयेत. मधमाश्या व इतर कीटक एका झाडाचे पराग दुसऱ्यावर नेतात. तेव्हा दोन वाण शेजारी असतील तर बियांत सरमिसळ होते, हेही ध्यानात ठेवावे. बी सावलीत वाळवून कागदी पुडीत, वर वाणाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे.

मिरचीच्या बियांना उगवण्यासाठी २५ ते ३० अंश ऊब लागते. अशी ऊब असेल तर ते आठ-दहा दिवसांत उगवते. माती १५ अंशांपर्यंत गार असेल तर तीन-चार आठवडे वाट पाहावी लागते आणि दरम्यान बरेच बी कुजते. जानेवारीत टाकलेले बी ‘उगवलेच नाही’ अशी तक्रार होते ती यामुळे. यावर उपाय प्रत्येक घरात उपलब्ध आहे. मटकीला मोड आणतात त्याच रीतीने मिरचीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, सकाळी ओलसर सुती फडक्यात बांधावे आणि ती पुरचुंडी चुलीजवळच्या उबदार, परंतु हाताला चटका न बसणाऱ्या जागी ठेवावी. फडके रोज ओलसर करावे; त्यातून पाणी मात्र निथळू नये. बियांना पांढरे टोक फुटताच ते अलगद मातीत पेरावे आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढी बारीक माती टाकावी.

रोपांसाठी पोयट्याची माती, चाळलेले कुजके शेणखत आणि थोडी वाळू यांचे मिश्रण घ्यावे. डब्याच्या तळाला भोके हवीत. रोपे दिवसा उन्हात आणि रात्री घरात ठेवावीत. सावलीतच वाढवलेली रोपे उंच व लेचीपेची होतात आणि बाहेर लावताच माना टाकतात. दाटी व जादा पाणी झाल्यास रोपे जमिनीलगत सडून कोलमडतात. म्हणून विरळणी वेळेवर करावी आणि मातीचा वरचा थर सुकल्यावरच पाणी द्यावे. लावणीपूर्वी आठवडाभर रोपे रात्रीही ओसरीत ठेवून बाहेरच्या हवेची सवय करून द्यावी.

थंड देशांत हीच रीत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. हंगेरीत हिवाळ्यात पारा शून्याखाली जातो, तरीही तेथील लाल मिरची जगप्रसिद्ध आहे. रोपे आडोशाखाली तयार करावयाची, हिमाची भीती सरल्यावर मे महिन्यात बाहेर लावावयाची आणि शरद ऋतूत लाल फळे तोडून माळा करून वाळवावयाची, हा तेथील क्रम आहे. ब्रिटन-अमेरिकेतील मराठी कुटुंबांनाही घरच्या मिरचीसाठी हीच वाट धरावी लागते. उन्हाच्या खिडकीत रोपे करणे आणि थंडीच्या आरंभी कुंड्या घरात घेणे. त्यांच्यापुढील अडचणीच्या मानाने घोड खोऱ्यातील अडचण फारच लहान आहे.

लागवड, माती आणि पाणी

पावसाळी टप्प्यातील रोपांना थंडीइतकाच, किंबहुना अधिक धोका साचलेल्या पाण्याचा असतो. मुळाशी एक-दोन दिवस पाणी उभे राहिले तरी मिरची पिवळी पडून मरते. म्हणून सपाट जमिनीत लावणी न करता वीतभर उंचीचा गादीवाफा करावा आणि भोवती चर काढावा. दोन झाडांत व दोन ओळींत ६० सेंटिमीटर, म्हणजे दोन फूट अंतर ठेवावे. प्रत्येक खड्ड्यात दोन ओंजळी कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत घालावे. ताजे शेण घालू नये. त्याने मुळे भाजतात आणि हुमणीचा उपद्रव होतो.

परस नसलेल्या घरांना जुने पत्र्याचे डबे किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या चालतात. फूटभर खोली आणि तळाला भोके एवढ्या दोनच अटी. डब्यातील झाडाचा मोठा लाभ असा की, ते थंडीत भिंतीलगत आणि उन्हाळ्यात सावलीत हलवता येते. मात्र डब्यातील माती लवकर सुकते व लवकर गारही होते, म्हणून तिकडे रोज लक्ष हवे.

भांडी विसळल्याचे, तांदूळ-भाजी धुतल्याचे पाणी झाडांना देता येते. साबण-सोड्याचे पाणी मात्र देऊ नये.

हिवाळ्यातील निगा

कार्तिकी एकादशीनंतर हवेत गारवा वाढू लागतो. तेव्हापासून पुढील काळजी घ्यावी.

पाणी सकाळी ऊन वर आल्यावर द्यावे. ओलसर माती कोरड्या मातीपेक्षा दिवसाची ऊब अधिक साठवते, म्हणून वाफा अगदी कोरडा पडू देऊ नये. थंडीत झाड पाणी कमी ओढते, तेव्हा उन्हाळ्याइतके पाणीही देऊ नये. संध्याकाळी पानांवर पाणी शिंपडणे टाळावे. रात्रभर ओली राहिलेली पाने रोगाला आमंत्रण देतात.

नत्रयुक्त खत या दिवसांत थांबवावे. त्याने कोवळी पालवी फुटते आणि थंडीचा पहिला घाव तिलाच बसतो. चुलीतील लाकडाची थंड राख मूठभर, तीही एखाद्या वेळीच, बुंध्यापासून दूर मातीत मिसळावी. तिच्यातून पालाश मिळते.

उन्हाळ्यात भाताच्या पेंढ्याचे आच्छादन जाड असावे. हिवाळ्यात ते पातळ करावे, म्हणजे दिवसा ऊन मातीपर्यंत पोहोचते. थंडीची लाट आल्यास वाफ्याच्या चार कोपऱ्यांना काठ्या रोवून त्यांवर संध्याकाळी जुने लुगडे किंवा गोणपाट पसरावे आणि सकाळी ऊन येताच काढून घ्यावे. आच्छादनाचा स्पर्श पानांना होऊ देऊ नये. हा साधा उपाय जमिनीतून निघणारी ऊब रात्री झाडाभोवती धरून ठेवतो.

तोडणी थांबवू नये. झाडावर जुनी फळे राहिली की नवी फुले कमी येतात. ज्या फळांचे लाल तिखट करावयाचे असेल तीच राखून बाकीची हिरवी असतानाच काढावीत.

फेब्रुवारीच्या सुरुवातीस रात्रीचा गारवा कमी होऊ लागला की जगलेल्या झाडांची छाटणी करावी. वाळलेल्या व दाटीच्या फांद्या काढाव्यात, उरलेल्या एक-तृतीयांशाने आखूड कराव्यात, बुंध्याभोवतीची माती हलकी करून शेणखत घालावे आणि पाणी वाढवावे. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी दिसू लागते. ऐन थंडीत छाटणी केली तर मात्र झाड फुटण्याऐवजी वाळण्याचा धोका असतो.

थंडी की रोग?

थांबलेले झाड आणि रोगी झाड यांत फरक ओळखता आला पाहिजे. थंडीने थांबलेल्या झाडाची पाने फिकट दिसली तरी सपाट असतात आणि ऊब येताच त्यांना पूर्ववत रंग येतो. पाने वर किंवा खाली वळून होडीसारखी झाली, बारीक व चुरगळलेली दिसली, तर तो ‘बोकड्या’ किंवा ‘चुरडा-मुरडा’ होय. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी यांच्यामुळे तो होतो आणि त्यात विषाणूचाही भाग असू शकतो. सुरुवातीलाच पाने उलटून किडी पाहाव्यात आणि पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा. झाड पूर्ण आखडले असेल तर ते उपटून नष्ट करावे. जगवण्याच्या मोहाने ठेवले तर बाकीची झाडेही जातात.

थंड व कोरड्या हवेत पानांखाली पांढरी भुकटी दिसते ती भुरी. शेंड्याकडून फांद्या वाळत येत असतील आणि लाल फळांवर खोलगट काळपट डाग पडत असतील तर ती बुरशी होय. असा भाग कापून परसाबाहेर टाकावा आणि त्या फळांचे बी धरू नये. तंबाखूतून एक विषाणू मिरचीवर येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तंबाखू मळलेल्या हातांनी रोपांना स्पर्श करू नये. हात साबणाने धुऊनच लावणी करावी.

मिरची, टोमॅटो, वांगी आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके होत. त्यांच्या पुष्कळ किडी व रोग समान आहेत. ज्या वाफ्यात आधी टोमॅटो किंवा वांगी होती तेथे लगेच मिरची लावू नये. मध्ये मेथी, कोथिंबीर किंवा घेवडा घ्यावा.

किती रोपे पुरेत?

पाच माणसांच्या घरात रोज २० ग्रॅम हिरवी मिरची लागते असे धरले तर वर्षाला सुमारे ७.३ किलो लागेल. हेक्टरी १० टन हिरवी मिरची हे मध्यम उत्पादन मानले आणि दोन-दोन फुटांवर लागवड धरली, तर हेक्टरी सुमारे २७,७०० झाडे बसतात. म्हणजे झाडामागे सुमारे ३६० ग्रॅम. या हिशेबाने २० झाडांपासून ७.२ किलो मिरची मिळते, म्हणजे जवळपास वर्षाची गरज भागते. या २० झाडांना जागा लागते ७.२ चौरस मीटर, म्हणजे ७८ चौरस फुटांच्या आसपास. एका लहान खोलीएवढीच ही जागा आहे. दहा झाडे पावसाळी आणि दहा उन्हाळी, अशी ही विभागणी होय. परसातील उत्पादन निगेवर अवलंबून कमी-अधिक होईल. पण जागेच्या अभावी मिरची लावता येत नाही, ही सबब या हिशेबापुढे टिकत नाही.

आहारातील स्थान

हंगेरीतील सेगेद येथे काम करणारे शास्त्रज्ञ अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी तेथील मिरचीपासून ‘क’ जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले. त्यांना १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, त्यामागे या कार्याचा मोठा वाटा होता. १०० ग्रॅम हिरव्या मिरचीत सुमारे १०० मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. बाजरी, नाचणी, डाळी आणि पालेभाज्या यांतील लोह शरीरात शोषले जाण्यास हे जीवनसत्त्व साह्य करते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आहेत. ही गोष्ट लक्षात घेता लोहाच्या जोडीला ‘क’ जीवनसत्त्व असणे महत्त्वाचे ठरते. अर्थात, एका मिरचीचे वजन तीन ते पाच ग्रॅम असते आणि दीर्घकाळ शिजवल्याने हे जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. तेव्हा मिरचीने रक्तक्षय बरा होतो असा समज करून घेऊ नये. लोहाच्या गोळ्यांना ती पर्याय नाही. ताजी मिरची, लिंबू, आवळा, पेरू आणि पालेभाज्या यांच्या जोडीनेच तिचा उपयोग होतो. लहान मुलांच्या आहारात तिखट बेतानेच असावे. मिरचीचा तिखटपणा मुख्यतः बियांत नसून बियांना धरून ठेवणाऱ्या आतील पांढऱ्या भागात असतो. तो काढून टाकल्यास तिखटपणा बराच कमी होतो.

शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत

शाळांतील पोषण-परसबागांविषयी केंद्र शासनाने २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या असून, राज्यात ‘उमेद’ अभियानाने ‘माझी पोषण परसबाग’ मोहीम राबवली आहे. परसबागेची कल्पना त्यामुळे गावोगावी पोहोचली आहे. पावसाळ्यात उत्साहाने लावलेल्या बागा हिवाळा-उन्हाळ्यात ओस पडू नयेत, हा पुढचा प्रश्न आहे. मिरचीसारखे वर्षभर जगू शकणारे झाड या दृष्टीने उपयोगी ठरते.

शाळेत किमान-कमाल तापमापी असेल तर विद्यार्थ्यांनी रोज सकाळी रात्रीचे किमान तापमान आणि त्या दिवशी गळलेल्या फुलांची संख्या वहीत नोंदवावी. डिसेंबर ते मार्च एवढ्या नोंदींतून आपल्या गावात मिरची कोणत्या तारखेच्या सुमारास थांबते आणि केव्हा पुन्हा चालू लागते, हे विद्यार्थ्यांना स्वतःच पाहता येईल. भिंतीलगतचे एक झाड आणि उघड्यावरचे एक झाड यांची तुलना हा तर विज्ञानाचा उत्तम पाठ होय. अशा दोन-तीन वर्षांच्या नोंदी गावाच्या उपयोगी पडतात. लावणीची तारीख मग पुस्तकावरून नव्हे, तर गावाच्या अनुभवावरून ठरते.

ग्रामपंचायतींना यासाठी मोठ्या योजनेची आवश्यकता नाही. संक्रांतीच्या सुमारास महिला बचत गटांमार्फत एका ठिकाणी रोपे तयार करून महाशिवरात्रीनंतर घरोघर दहा-दहा रोपे देणे, सार्वजनिक नळाजवळ वाहून जाणारे स्वच्छ पाणी वाफ्यांकडे वळवणे आणि चांगल्या वाणाचे बी गावातच राखणे, एवढे काम सहज होण्यासारखे आहे. अंगणवाडी सेविका, कृषी सहायक आणि शिक्षक यांनी गृहभेटीत एकच गोष्ट आवर्जून सांगावी, ती ही की पौषात फुले गाळणारे मिरचीचे झाड उपटू नये. पाने सपाट व निरोगी असतील तर त्याला भिंतीचा आडोसा, सकाळचे पाणी आणि फेब्रुवारीतील छाटणी मिळावी. चैत्रात त्याच झाडावर पुन्हा मिरची लागते आणि बाजारातील तेवढी खरेदी वाचते. ज्या घरात रोजची मजुरी रोज खर्ची पडते, तेथे ही बचत लहान म्हणता येणार नाही.